आधी यादी मागा, मग डबा बघा

गेल्या दिवाळीत बहिणीकडं गेलो होतो, मानवतपासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव, आणि पाडव्याच्या सकाळी चहा घेता घेता भाच्याचा आणि दाजींचा वाद सुरू झाला तो दुपारची ताटं वाढली तरी मिटला नव्हता. भाचा परभणीला बीसीए करतो, रोज एसटीनं ये-जा, त्याला गेमिंगचा पीसी पाहिजे. गेमसाठी तर पाहिजेच, पण एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडनं व्हिडिओ एडिटिंगची बारकी कामं पण मिळायला लागलीत त्याला. दाजी सत्तर हजारापर्यंत तयार होते, फक्त त्यांचं एकच म्हणणं, "कंपनीचं सीलबंद घे, उद्या काही झालं तर माणूस घरी येतो." आणि भाचा माझ्याकडं बघून म्हणतो, "मामा, तुम्हीच सांगा यांला, प्रीबिल्टमधी, म्हंजे कंपनीच्या तयार पीसीत, नुसते पैसे जातेत, सगळे म्हणतेत की स्वतः बनवला तर तेवढ्यातच भारी ग्राफिक कार्ड येतंय." दोघंही मला आपल्या बाजूनं ओढत होते आणि मला दोघांचंही पटत नव्हतं. खरं सांगायचं तर हा वाद मी दहा ठिकाणी ऐकलाय आणि दहाही ठिकाणी तो असाच चुकीच्या जागी अडकून बसतो, एकजण पैसे मोजतो, दुसरा कटकट मोजतो, आणि ज्याच्यावर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात ती गोष्ट कोणी काढतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात राहणाऱ्यानं पीसी सुटासुटा निवडूनच घ्यावा. म्हणजे प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड (ज्याच्यावर सगळे पार्ट बसतात ती पाटी) कोणता, एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज देणारा डबा) कोणता हे नावानिशी, मॉडेल नंबरनिशी आपण ठरवायचं आणि प्रत्येक पार्ट पक्क्या बिलावर चढवून घ्यायचा. जोडायला मग स्वतः बसा नाहीतर दुकानातल्या पोराकडनं जोडून घ्या, त्यानं काही बिघडत नाही. आणि ज्या डब्याच्या आत काय काय आहे याची लेखी यादी विकणारा देत नाही तो डबा घेऊच नये, मग त्याच्यावर जगातल्या मोठ्या कंपनीचं नाव असो की गल्लीतल्या दुकानाचं स्टिकर असो.

हा वाद बिघडलाय कारण तो आपण जसाच्या तसा बाहेरून उचललाय. पोरं जे व्हिडिओ बघतात त्यातला माणूस एसीच्या खोलीत बसलेला असतो, बाहेर वीस-बावीस डिग्री, लाईट कधी जात नाही, पार्ट खराब निघाला तर दुकानात परत देऊन दुसरा घेऊन येतो आणि वर सांगतो की पीसी बनवणं म्हणजे लहान लेकरांचे ठोकळे जोडण्यासारखं आहे. त्याच्यासाठी असेलही. आपल्याकडं मदरबोर्ड खराब निघाला तर तो कुरिअरनं जातो, पुणे नाहीतर मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला, आणि परत यायला पंधरा दिवसही लागतात नि महिनाही. मग त्या माणसाचा सल्ला आपण जसाच्या तसा कसा घ्यायचा? आणि हेच उलट बाजूनंही खरं आहे, कंपनीची जाहिरात "माणूस घरी येतो" म्हणते ते घर कुठलं हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं, ते पिनकोडवर ठरतं.

आता दाजींच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. २०२१ मध्ये मी स्वतः प्रीबिल्ट घेतलाय आणि तेव्हाच्या हिशोबानं तो निर्णय बरोबरच होता. आठवत असेल, त्या काळात ग्राफिक कार्डं बाजारातनं गायबच झाली होती, एकीकडं चिपांची टंचाई, दुसरीकडं लॉकडाऊनमुळं घरोघरी मागणी, आणि तिसरीकडं इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांवर हिशोब चालवून ते चलन कमावणारे, शेकड्यानं कार्डं उचलत होते. सुटं कार्ड छापील किमतीच्या दुपटीला सांगायचे, आणि कंपनीच्या तयार डब्यात तेच कार्ड त्यामानानं वाजवी पडत होतं कारण कंपन्यांचा माल आधीच ठरलेल्या भावानं येत होता. २०२२ मध्ये भाव उतरायला लागले, आणि सप्टेंबरात इथेरियमनं मायनिंगची पद्धतच बंद केली. म्हणजे "प्रीबिल्ट नेहमी महागच" हे भाच्याचं वाक्य इतिहासानं एकदा खोटं पाडलेलं आहे, आणि आता परत पाडतंय. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव जे चढले ते सगळ्यांनी बघितलंय, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडं वळला, डिसेंबरात मायक्रॉननं क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार म्हणून जाहीर केलं. अशा वेळी ज्या कंपनीच्या गोदामात जुन्या भावाची रॅम पडून आहे तिचा तयार पीसी सुट्या पार्टांपेक्षा स्वस्त पडू शकतो, यात वाद नाही.

हप्त्याची गोष्ट पण खरी आहे. शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातनं एकदा-दोनदा येतो, कापूस विकला की, सोयाबीन गेलं की. तयार पीसीवर बिनव्याजी हप्ते चटकन होतात. आणि ज्याला जमत नाही, आवड नाही, घरात सांगणारं कोणी नाही, त्यानं सत्तर हजाराचं सामान टेबलावर मांडून प्रोसेसरच्या सॉकेटची पिन वाकवून बसावं असं मी म्हणणार नाही, एक पिन वाकली तर बोर्ड गेला आणि ती वॉरंटीत पण बसत नाही. हे सगळं मान्य. मग माझं मत तरी का बदलत नाही? तर त्या २०२१ च्याच पीसीमुळं.

तो पीसी मी लॉकडाऊनमध्ये गावाकडच्या घरी ठेवला होता. पहिले तीन-चार महिने काही नाही. रब्बी सुरू झाली आणि रोज संध्याकाळी पीसी आपोआप बंद होऊन परत चालू व्हायला लागला. तेही फक्त गेम चालू असला किंवा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की. नुसतं ब्राउजर उघडून बसलं तर रात्रभर चालायचा. वॉरंटी होती, तक्रार टाकली, आणि कंपनीचा माणूस खरंच आला, अडीच तास गाडी चालवून आला बिचारा. सकाळी अकराला. पीसी लावला, टेस्ट चालवली, सगळं व्यवस्थित. रॅम बदलून गेला. त्याच संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या वेळी आला तेव्हा अख्खा मदरबोर्ड बदलला, तोही दुपारीच, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. मी तर तोपर्यंत ग्राफिक कार्डच खराब आहे असं धरून बसलो होतो.

शेवटी तालुक्याला टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याला संध्याकाळी मोटारसायकलवर बसवून घेऊन आलो. त्यानं पीसीला हातच लावला नाही. खिशातनं मीटर काढला, त्याच्या दोन्ही सुया भिंतीतल्या प्लगमध्ये घातल्या आणि आकडा मला दाखवला, १८१. शेजारच्या वावरातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीय, ट्यूबलाईट फडफडते, पंखा हळू होतो, पण हे पीसीशी जोडून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. मग त्यानं कॅबिनेट उघडायला लावलं, एसएमपीएसवरचं लेबल टॉर्च लावून वाचलं. इनपुट २०० ते २४० व्होल्ट. संपला विषय. लोड कमी असला की तो कसाबसा धरून ठेवायचा, ग्राफिक कार्डानं ओढायला सुरुवात केली की सोडून द्यायचा. सकाळी अकराला आमच्याकडं २२८ असतं, म्हणून कंपनीच्या माणसाला काहीच सापडलं नाही.

बाजारात १०० ते २४० व्होल्टवर चालणारे एसएमपीएस सहज मिळतात, चांगल्या कंपन्यांचे बहुतेक तसेच असतात. म्हटलं चला, बदलून टाकू. तर त्या डब्यातला एसएमपीएस वेगळ्याच मापाचा निघाला आणि बोर्डाला जाणारा प्लग पण त्या कंपनीचा स्वतःचा, दुकानातला कुठलाच बसेना. शेवटी जड स्टॅबिलायझर घेतला, आणि ते धूड अजून टेबलाखाली घरघरत बसलेलं असतं. यात मला पैशाचं दुःख नाही. दुःख याचं की लेबलवरची ती एक ओळ मला घेतानाच कोणी दाखवली असती तर चार महिने गेले नसते, आणि समजल्यावरसुद्धा माझ्या हातात काही नव्हतं कारण डबा आतनं बंद होता. कोणी म्हणेल, स्वतः बनवणारा पण चुकून २०० ते २४० वालाच घेऊ शकतो की. घेऊ शकतो ना! पण त्याला चूक समजली की एसएमपीएस काढून दुसरा लावायला अर्धा तास लागतो.

आता "कंपनीचा" आणि "असेंबल" हे जे दोन शब्द आपण जातीपातीसारखे वापरतो त्यांच्याबद्दल. आजचा पीसी ज्याच्यापासून सुरू झाला तो आयबीएमचा १९८१ चा पीसी स्वतःच असेंबल होता. आयबीएमला घाई होती म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, बाकीचे पार्ट पण बाजारातनं उचलले, आणि वर सर्किटच्या आकृत्यांसकट सगळी तांत्रिक माहिती छापून विकायला ठेवली. यादी उघडी होती म्हणून दुसऱ्यांना तसाच पीसी बनवता आला, कॉम्पॅक उभी राहिली, १९८४ मध्ये टेक्सासच्या एका कॉलेजच्या होस्टेलच्या खोलीत मायकेल डेल नावाचा विद्यार्थी पीसी जोडून विकायला लागला आणि त्याची केवढी कंपनी झाली. म्हणजे आज ज्याला आपण कंपनीचा माल म्हणतो त्याचा बाप एक असेंबल करणारा पोरगाच आहे. आणि आयबीएमचं पुढं काय झालं? १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ काढला, आतली जोडणी स्वतःच्या मालकीची केली, मायक्रो चॅनेल म्हणायचे, दुसऱ्याला लावायची असेल तर परवाना काढा पैसे भरा. तंत्र जुन्यापेक्षा चांगलं होतं हे त्यांचे विरोधक पण मान्य करतात. पण बाकीच्या कंपन्यांनी एकत्र येऊन आपली खुली पद्धत काढली, लोक उघड्या डब्याकडंच राहिले आणि पीसीच्या धंद्यावरची आयबीएमची पकड सुटली ती सुटलीच. १९९५ ला इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवून दिलं, म्हणून तर आज परभणीत घेतलेला बोर्ड हैदराबादेत घेतलेल्या कॅबिनेटला बसतो. मग तीस वर्षं जुनं हे माप सोडून एखादी कंपनी प्लगच्या तारा आणि बोर्डाची भोकं आपल्या मनानं का बदलते? कुठं कुठं डबा लहान करायला, स्वस्तात बनवायला करत असेल. पण घेणाऱ्यासाठी परिणाम एकच, पुढचा प्रत्येक पार्ट तिच्याच दारात.

इथपर्यंत वाचून भाच्याची बाजू घेणारे खूश झाले असतील, तर त्यांच्यासाठी. आपल्याकडं "असेंबल केला" म्हणतात तेव्हा दहातल्या किती जणांनी खरंच पार्ट निवडलेले असतात? दुकानात जातो, बजेट सांगतो, दुकानदार कागदावर लिहितो, आय सेव्हन, सोळा जीबी, पाचशे बारा एसएसडी, गेमिंग कॅबिनेट, रंगीत लाईटचे चार पंखे, आणि खाली एक आकडा. ही यादी नाही, ही जाहिरात आहे! आय सेव्हन कुठला? आय सेव्हन २६०० जानेवारी २०११ चा आहे आणि तोही आय सेव्हनच आहे, ऑफिसातनं निघालेले ते प्रोसेसर नव्या कोऱ्या चिनी बोर्डावर बसवून आजही विकले जातात, विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ग्राफिक कार्डाचं पण तसंच. "आरटीएक्स ३०५०" एवढंच लिहून दिलं तर ते आठ जीबीचं आहे का सहाचं? ऐकणाऱ्याला वाटतं फक्त मेमरीचा फरक. तसं नाहीये, सहा जीबीवाल्यात चिपचे कोर पण कमी, २५६० च्या जागी २३०४, आणि मेमरीचा रस्ता पण अरुंद, १२८ बिटच्या जागी ९६. नाव तेच ठेवून आतला माल हलका. हे तर कार्ड बनवणाऱ्या मूळ कंपनीनंच केलंय, मग दुकानदाराला दोष कशाला द्यायचा, त्याला विचारायचं आपण.

एसएमपीएसमध्ये तर सगळ्यात जास्त फसवणूक होते कारण तो दिसत नाही. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याचा जळालेला पीसी माझ्याकडं आला होता, एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ५०० वॉट. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. लेबलवर बारीक अक्षरात बारा व्होल्टच्या पुढं लिहिलेलं, १६ अँपिअर. गुणाकार करा, बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघं जवळजवळ सगळी वीज त्या बारा व्होल्टमधनंच ओढतात, म्हणजे कामाची वीज १९२ आणि नावाची ५००. त्या पोराच्या बापानं ऊसतोडीच्या उचलीतनं पैसे दिले होते. असा डबा कंपनीच्या सीलबंद डब्यापेक्षा केव्हाही वाईट, आणि याच्या तुलनेत दाजी जे म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे.

आणि मग ते कच्चं बिल. "बिल नको असेल तर जीएसटी वाचतो साहेब, अठरा टक्के आहे." सत्तर हजारावर मोह होणारच. पण त्या अठरा टक्क्यांत आपण काय विकतोय? बॉक्समधल्या प्रोसेसरवर बनवणाऱ्या कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेमधला सुटा प्रोसेसर घेतला तर ती थेट मिळत नाही, जे काही असेल ते दुकानदाराच्या शब्दावर. बहुतेक मदरबोर्ड तीन वर्षं, बऱ्याच एसएसडी तीन ते पाच, चांगला एसएमपीएस पाच-सात वर्षं, काही तर दहा. तयार डब्यावर एरवी एकच वर्ष, जास्त पाहिजे तर पैसे भरा. म्हणजे वॉरंटीच्या मुद्द्यावर तरी सुटे पार्ट मागं पडत नाहीत, फक्त ती वॉरंटी पक्क्या बिलावर आणि त्याच्यावर लिहिलेल्या सिरियल नंबरवर उभी असते. बिलच नसेल तर ग्राहक आयोगात जाऊन दाखवणार काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आता आपण जिथं राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा मुंबईचा का दिल्लीचा याला अर्थ नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पण नाही. एवढं मोठं हत्यार सरकारनं हातात दिलंय आणि आपण ते कच्च्या चिठ्ठीवर सोडून देतो.

दाजींना मी हे सगळं सांगत होतो तर ते ऐकून घेत होते पण पटत नव्हतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. मग मी त्यांना त्यांचंच उदाहरण दिलं. सोयाबीनचं बियाणं दाजी घरचं ठेवतात. सोयाबीनला ते चालतं, दोन-तीन वर्षं तेच बियाणं फिरवता येतं. पण पेरणीआधी दाजी काय करतात? गोणपाट ओलं करतात, दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि आठवड्यानं उघडून एक एक मोड मोजतात. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. आणि कापसाचं बियाणं? ते दरवर्षी विकत, हायब्रीड घरी ठेवून चालत नाही, तिथं दाजी कंपनीवरच अवलंबून आहेत. पण त्या पिशवीचं ते काय करतात? पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी कापूस घरात येईपर्यंत कपाटात जपून. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात विकतचं सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ज्याच्याजवळ पावती नि टॅग होता तो बोलू शकला, बाकीचे दुबार पेरणी करून गप्प बसले. मी दाजींना एवढंच विचारलं की घरचं का विकतचं यावरनं तुम्ही वाद घालत बसता का, का दोन्ही वेळेला आत काय आहे ते तपासून, लिहून ठेवता? मग बियाण्याच्या एका पिशवीला जे करता ते सत्तर हजाराच्या डब्याला का नको?

योगायोग बघा, केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जी समिती नेमली तिच्या यादीत मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या यांच्या सोबत शेतीची अवजारं पण होती. म्हणजे ट्रॅक्टर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा प्रश्न एकच आहे हे सरकारला पण दिसलं, की घेतलेली वस्तू उघडायचा, आतलं समजून घ्यायचा आणि आपल्या ओळखीच्या माणसाकडनं दुरुस्त करून घ्यायचा हक्क घेणाऱ्याचा असतो. तिफण गावातल्या सुतारानं बनवायची तेव्हा दोन फणांतलं अंतर किती ठेवायचं हे शेतकरी सांगायचा, जमीन भारी का हलकी, पीक कोणतं त्याच्यावर. लोखंडी पेरणी यंत्र आलं तेव्हा जे अंतर बदलता येणारं होतं तेच गावात टिकलं, बाकीची गोठ्यामागं गंजत पडलीत.

उन्हाचं पण बोलायला पाहिजे, कारण हा मुद्दा पुण्या-मुंबईचे लोक काढणारच नाहीत. परभणीत मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस हे काही विशेष नाही. खोलीचं तापमान जेवढं वाढतं जवळपास तेवढंच आतल्या पार्टांचं वाढतं, हा साधा हिशोब आहे. बावीस डिग्रीच्या खोलीत जो कूलर प्रोसेसरला पंच्याहत्तरवर ठेवतो तोच आमच्या पत्र्याच्या माडीवर त्याला पंच्याण्णवपर्यंत नेणार, आणि तिथं गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, गेम अडकायला लागतो आणि पोरगं म्हणतं कार्ड खराब निघालं. तयार डब्यात कूलर कंपनीनं मोजून-मापून दिलेला असतो, तो कोणत्या खोलीसाठी मोजला? शिवाय समोर अख्खी काच लावलेली कॅबिनेटं दिसायला भारी पण हवा घेणार कुठनं, आपल्याकडं समोरनं जाळीचंच कॅबिनेट पाहिजे आणि जाळीमागं धुता येणारं फिल्टर. मानवतला जिनिंग सुरू झाली की हवेत जे कापसाचे तंतू उडतात ते पंख्याच्या पात्यावर असे बसतात की महिन्याभरात बोटानं लोकरीसारखी पट्टी निघते. दर महिन्याला कॅबिनेट उघडून ब्लोअर मारावाच लागतो (मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, मोकळा फिरू द्यायचा नाही). ज्या डब्यावर "सील तुटलं तर वॉरंटी संपली" असं चिकटवलंय तो डबा घेऊन जिनिंगच्या गावात करायचं काय?

अर्थिंगबद्दल एक वाक्य, कारण गावाकडच्या बऱ्याच घरांत तिसऱ्या भोकात तारच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर पीसी कंपनीचा असो का घरचा, आधी वायरमन बोलवा.

आता उरला हप्त्याचा मुद्दा, जो मला दाजींचा सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो. माझं म्हणणं असं की सुटे पार्ट हाच शेतकऱ्याच्या घराला बसणारा हप्ता आहे. तयार डबा एकदम घ्यावा लागतो. सुटा पीसी टप्प्याटप्प्यानं उभा राहतो, आणि मधल्या काळात वापरता पण येतो. आम्ही शेवटी तेच केलं. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी मी, दाजी आणि भाचा परभणीला गेलो, दोन दुकानं फिरलो. पहिल्यानं सुटी यादी द्यायला नको म्हणलं, "एवढं कोणी विचारत नाही, पूर्ण पीसीचा रेट देतो ना," तिथनं उठलो. दुसऱ्यानं दिली. रायझन ८६००जी प्रोसेसर घेतला, त्याच्यात ग्राफिक आतच असतं, वेगळं कार्ड नसलं तरी स्क्रीन दिसते आणि सेटिंग कमी ठेवून बरेचसे गेम चालतात. रॅमचे भाव तेव्हा चढायला लागलेच होते, दुकानदार म्हणाला सोळाची एकच स्टिक घ्या, पुढं दुसरी लावता येईल. तिथं भाचा अडला आणि त्याचं बरोबर होतं, आतल्या ग्राफिकला रॅम दोन रस्त्यांनी मिळाली पाहिजे, आठ-आठच्या दोन लावल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. हे त्यानं स्वतः वाचून ठेवलं होतं, मला सांगावं लागलं नाही. कंपनीच्या डब्यात ती एक स्टिक आहे का दोन हे काउंटरवरच्या माणसाला पण माहिती नसतं बऱ्याचदा, आणि भाव चढले की कात्री पहिली तिथंच लागणार.

एसएमपीएसची वेळ आली तेव्हा दाजींनी खोका हातात घेतला, चष्मा लावला आणि दुकानदाराला विचारलं, "इनपुट कुठं लिहिलंय?" १०० ते २४० होतं. साडेसहाशे वॉटचा घेतला, आजच्या पीसीला त्याच्या अर्धा पण लागत नाही, पण कार्ड पुढं येणार आहे. बिलावर आठ ओळी, प्रत्येकीपुढं सिरियल नंबर. जोडणी दुकानातच झाली, भाच्यानं रॅम आणि एसएसडी स्वतः बसवली, बाकीचं त्या पोरानं केलं. गावाकडं संध्याकाळी मी मीटर लावून बघितला तर १८३ होतं आणि एक्स्पोर्ट चालू होता, इन्व्हर्टरचं बटन फक्त यूपीएस मोडवर करायला लावलं, म्हणजे लाईट जाताना पीसी बंद पडत नाही.

कार्ड अजून घ्यायचंय. कोणतं घ्यायचं ते भाचा आणि मी बघतोय, आठ जीबीचं नको असं त्याचं म्हणणं, मला वाटतं त्याच्या स्क्रीनला आठ पुरे. पैसे कापसाच्या शेवटच्या वेचणीचे यायचेत.